अण्णांच्या जीपचे फोकस

तांब्याची नवी तार रिळावरून सुटताना एक आवाज येतो. कोरं लुगडं घडीतून ओढल्यासारखा, पण जरा कडक. लहानपण आठवायला बसले की आधी हा आवाज येतो, मागून माणसं येतात. पिंपळगाव रेणुकाईत भोकरदनच्या रस्त्याला लागून आमचं घर होतं. पुढं दोन खोल्या आणि मागं पत्र्याचं शेड. आसपासच्या गावांतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्या शेडमध्ये येऊन पडायच्या आणि माझी माय त्या भरून द्यायची. मोटार भरायची म्हणजे आतली जळकी तार उपसून काढायची, लाकडी साच्यावर नव्या तारेचे वेढे घ्यायचे, ते वेढे लोखंडाच्या खाचांत बसवायचे आणि वरून वार्निश पाजून वाळवायचं. वार्निशचा वास आमच्या भाकरीला, कपड्यांना, केसांनासुद्धा यायचा. शाळेत माझ्या बाकावरची पोरगी म्हणायची, तुझ्या दप्तराला मोटारीचा वास येतो. मला तो वास यायचाच नाही. माझ्यासाठी तो घराचा वास होता.

माय वेढे मोजत असली की तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हा घरातला पहिला कायदा. ती ओठातल्या ओठात मोजायची, एका हातानं हँडल फिरवायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची. पाहुणा आला तरी हातानंच बसायची खूण. अण्णांना मात्र तेव्हाच खोडी सुचायची. ते दारात उभे राहून मोठ्यानं म्हणायचे, "अगं, बाजारातून वांगे आणू का सत्तावीस?" माय डोळे वटारायची, पण मोजणी सोडायची नाही. साचा भरला, तार तोडली, की मग म्हणायची, "सत्तावीस वांगे आणा, न् तुम्हीच खा." मग दोघं हसायचे. माझे आईवडील एकमेकांची चेष्टा करायचे, हे मला मोठेपणी फार मोलाचं वाटायला लागलं. तेव्हा वाटायचं, सगळ्याच घरी असं असतं.

खरं तर मोटार भरायचं काम अण्णांचं. लग्नाआधी जालन्याला एका वर्कशॉपात ते शिकले, गावात येऊन त्यांनी शेड टाकलं आणि मायला शिकवलं. मी सातवी-आठवीत असताना मलाही शिकवलं. त्यांची बोटं अशी होती की तारेला हात लावून तिची जाडी सांगायचे. पण मी बारावीची परीक्षा दिली त्याच्या दोनेक वर्षं आधी त्यांनी एकाएकी शेड आमच्या दोघींवर सोडलं. म्हणाले, "बसून बसून पाठ धरली. आता मी गाडी चालवतो." आणि एका सरकारी खात्यानं मोडीत काढलेली जीप त्यांनी लिलावातून आणली. रंग उडालेली, ताडपत्रीच्या टपाची, पण इंजिन नेक. पिंपळगाव ते भोकरदन अशी प्रवाशांची ने-आण सुरू झाली. पहाटेची खेप सगळ्यात महत्त्वाची, कारण भोकरदनहून जालन्याला आणि औरंगाबादला जाणाऱ्या पहिल्या एसट्या तिच्यावर अवलंबून. कोर्टाच्या तारखेवाले, दवाखान्यात निघालेले, आणि सांडूभाऊ दूधवाले आपल्या कॅनसकट.

माझी बारावीची परीक्षा झाली आणि मायनं माझं नाव भोकरदनला शिवणाच्या क्लासात घातलं. क्लास सकाळी आठचा, पण तिनं ठरवून टाकलं की मी पहाटेच्या खेपेनंच जायचं, पुढच्या सीटवर, अण्णांच्या शेजारी. मी कुरकुर केली. एवढ्या लवकर जाऊन करू काय? माय म्हणाली, "तिथं बस न् दोरा ओव. पण जायचं अण्णाच्याच संगं." तिच्या अशा बोलण्यापुढं अपील नसायचं. ती मला फडक्यात दोन धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. मी डुलक्या खात जीपमध्ये बसायचे. रेणुकाईच्या देवळात काकड्याची घंटा व्हायची, मागच्या बाकावर माणसं दाटीवाटीनं बसायची, सांडूभाऊंचे कॅन खडखडायचे आणि आम्ही निघायचो.

जीपचे मूळचे दिवे म्हणजे दोन कंदील. पिवळा, आजारी उजेड चार पावलं पुढं पडायचा. थंडी सुरू झाली, नदीकाठाला धुकं धरायला लागलं, तसे अण्णा रोज चिडचिडायला लागले. "साला काहीच दिसून न्हाई राह्यलं." मग एक दिवस ते जालन्याहून ट्रकचे दोन जुने फोकस घेऊन आले. ताटाएवढे गोल, जाड काचेचे. आल्या आल्या त्यांनी ते पुढच्या बंपरवर बसवले आणि शेडात पडलेली कुठलीशी बारीक वायर ओढून डॅशबोर्डच्या बटणाला जोडले. माय म्हणाली, "एवढी बारीक?" अण्णा म्हणाले, "बारा व्होल्टला काय होतंय? आपुन चारशे चाळीसशी खेळणारी माणसं."

बारा व्होल्टनं तिसऱ्याच दिवशी दाखवून दिलं. भोकरदनच्या अलीकडं मला जळका वास आला. आमच्या घरात जळक्या तारेचा वास झोपेतसुद्धा ओळखला जायचा. मी डोळे उघडले तर डॅशबोर्डच्या बटणातून धूर निघत होता आणि अण्णा तळव्यानं चाचपत ते बटण बंद करायचा प्रयत्न करत होते. मी खाली वाकून वायर हिसकली. माझ्या दोन बोटांना फोड आले, फोकसांबरोबर त्याच बटणावरचे मूळचे दिवेही गेले, मागून सांडूभाऊ ओरडले, "अण्णा, आम्हाला भाजून खाता का काय?" त्या दिवशी उजाडेपर्यंत सगळे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून राहिले. अण्णा माझ्या बोटांवर फुंकर घालत मला सारखं एकच विचारत होते, "लई भाजलं का गं, कुशा?" माझं नाव कुशावर्ता. पूर्ण नाव फक्त हजेरीत.

क्लास बुडवून मी त्या दिवशी पारसमलजींच्या दुकानात गेले. पारसमलजी मूळ राजस्थानातले, पण त्यांचे आजोबासुद्धा भोकरदनातच जन्मलेले. पंप, मोटारी आणि गाड्यांचं सामान त्यांच्याकडं मिळायचं. तांब्याची तार आम्ही तिथूनच न्यायचो. पांढरं धोतर, काळी टोपी, कानामागं पेन्सिल. त्यांनी माझी बोटं बघितली, आत हाक मारून पाणी मागवलं आणि मग सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही लोक मोटारीवाले. तुमची आदत मोठ्या व्होल्टची," ते म्हणाले. "व्होल्ट म्हंजे धक्का, करंट म्हंजे मानसं. धक्का जोरात असला तर मानसं थोडी लागतात. बारा व्होल्टचा धक्का कमजोर. मंग तेवढाच उजेड पाडायला मानसं ज्यादा लागतात. न् ज्यादा मानसाला दरवाजा कसा पाहिजे?"

"रुंद," मी म्हणाले.

"बराबर. तुझ्या अण्णानं बाजाराची सगळी गर्दी खिडकीतून काढली. खिडकी जळाली." मग त्यांनी समोर एक लहानशी डबी ठेवली, चार पायांची. "ही रिले. डॅशबोर्डच्या बटणावरून ज्यादा करंट न्यायचाच न्हाई. मी गादीवर बसून बोट दाखवतो, पोतं कोण उचलतं?"

"हमाल."

"मंग. बटण म्हंजे मी. रिले म्हंजे हमाल. जाड वायर बॅटरीतून सरळ रिलेला, रिलेतून फोकसला. बॅटरीच्या जवळच फ्यूज. न् अर्थिंग चांगली पाहिजे, रंग खरवडून चकचकीत पत्र्याला. बस."

आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, भौतिकशास्त्राचा असा तास मला शाळेत कधी मिळाला नाही. बारावीला करंटचं सूत्र मी पाठ केलं होतं, पण त्याचा बाजाराच्या दरवाजाशी काही संबंध असेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवस मी त्या जीपखाली आणि बॉनेटमध्ये होते. अण्णा आधी हसले, मग म्हणाले, "कर. पण माझी मदत मागू नको, माझी पाठ दुखती." मी काळी जाड वायर मडगार्डच्या कडेनं, इंजिनाच्या गरम भागापासून दूर नेली. जिथं पत्र्याला घासेल तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. टोकं डाग देऊन पक्की केली. डाग देणं मला मायनं शिकवलं होतं: आधी तार तापवायची, मग कथील आपणहून धावत येतं. एवढं करतेच आहे तर जीपचे मूळचे दिवेही मी त्याच नव्या लाइनीवर घेतले, दुसरी रिले लावून. जुन्या वायरिंगनं मीटर लावला होता तेव्हा बॅटरीवर काटा बारावर आणि दिव्याजवळ जेमतेम नवावर होता. म्हणजे तीन व्होल्ट रस्त्यातच खर्ची पडत होते. नव्या वायरिंगनं काटा दोन्हीकडं जवळपास एकाच जागी थांबला. मी मायला हाक मारून काटा दाखवला. तिनं हाताचं वार्निश पुसलं, वाकून बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या केसांना मग दोन दिवस वार्निश चिकटलेलं होतं.

दिवस मावळल्यावर आम्ही जीप शेताकडं तोंड करून लावली आणि मी बटण दाबलं. काय उजेड पडला! ज्वारीचं पान न् पान दिसलं, पार पलीकडच्या बांधावरची बोर दिसली, तिच्याखाली बसलेलं कुत्रं उठून पळालं. शेजारपाजारची माणसं बघायला आली. माय म्हणाली, "बाई बाई, लग्नाच्या मांडवावानी झालं." अण्णा बॉनेटला टेकून उभे होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरला, बराच वेळ समोर बघितलं आणि म्हणाले, "ठीक हाय. अजून थोडा साफ उजेड पाहिजे व्हता."

मला ते फार लागलं. मी दुसऱ्या दिवशी सगळे जोड परत तपासले, अर्थिंगचा पत्रा परत घासला, काचा धुतल्या. मीटर तेच सांगत होता. मला वाटलं, अण्णांना कौतुक करायचं नाही, कारण त्यांचं काम जळालं आणि माझं टिकलं. मनातल्या मनात मी त्यांना बरंच काही बोलून घेतलं. ते आठवलं की आजही शरम वाटते.

त्यानंतर आठवडाभरातच ते घडलं. पहाटेची वेळ, नदीच्या उतारावर धुकं. दोन्ही फोकस चालू होते. समोर रस्त्याच्या मधोमध कापसाची बैलगाडी होती, उंच भरलेली, आमच्याच दिशेनं भोकरदनला निघालेली. मला ती चांगली दुरून दिसली. वर कापसावर गाडीवान मुटकुळं करून झोपला होता, त्याच्या पायाचे तळवेसुद्धा दिसत होते. आता अण्णा वेग कमी करतील, आता हॉर्न देतील, असं म्हणत मी बसले होते. अण्णा सरळ जात होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते स्टिअरिंगवर पुढं झुकून, डोळे बारीक करून समोरच बघत होते. आणि मला कळलं की त्यांना गाडी दिसत नाही.

"अण्णा, गाडी! बैलगाडी!"

त्यांनी ब्रेकवर उभं राहूनच जीप थांबवली. मागची माणसं पुढं आदळली, दुधाचा एक कॅन लवंडला. जीपचं नाक कापसाच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबलं होतं. गाडीवान उठून बसला, आमच्याकडं बघितलं आणि त्यानं कासरा ओढून धरला. सांडूभाऊ शिव्या देत खाली उतरले. अण्णा म्हणाले, "बैल एकदम आडवे आल्ते." बैल आडवे आले नव्हते. बैल आपल्या वाटेनं सरळ चालले होते. अण्णांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीखाली घातले.

त्या दिवशी क्लासात मी एका बाहीचे टाके तीनदा उसवले. एवढ्या लख्ख उजेडात त्यांना पांढरा डोंगर दिसला नाही. मग एकेक करून सगळं जुळायला लागलं. त्यांनी मोटारी का सोडल्या. बारीक तार ते खाचेत बसवायचे ते बोटांनी चाचपून का. बॉनेटमध्ये डोकं घालायला ते का टाळत होते. धूर निघाला तेव्हा बटण कुठं आहे हे ते तळव्यानं का शोधत होते. पण हे त्यांना कसं म्हणायचं? आमच्या घरात पोरीनं वडिलांना गाडी थांबवा म्हणून सांगायची रीत नव्हती, आणि अण्णांचा मान मागच्या बाकावरच्या माणसांसमोर घालवायची माझी छाती नव्हती.

मी जे केलं ते शहाणपणाचं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या संध्याकाळी अण्णा पारावर गेलेले बघून मी बॉनेट उघडलं आणि बॅटरीवरून दिव्यांकडं जाणारी जाड वायर स्क्रू ढिला करून काढली. टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि वायर खाली खोचून दिली. सगळे दिवे मीच एका लाइनीवर घेतलेले, सगळे गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे माणसं जमली, अण्णांनी बटण दाबलं, अंधार. परत दाबलं. मी म्हणाले, "काहीतरी बिघडलं दिसतं. उजाडल्यावर बघते." सांडूभाऊंना निमित्तच पाहिजे होतं. "म्या म्हणलंच व्हतं. पोरीच्या हातात शिवणाची सुई द्यायची, का बॅटरी? अण्णा, तुम्ही बी कमाल करता. आता माझं दूध नासलं तर?" मागचे हसले. कुणीतरी म्हणालं, "भाकरी बी अशीच थापत असंल, एका अंगानं कच्ची." मी मान खाली घालून उभी होते. ते शब्द मी गिळले, कारण माझं काम चोख आहे हे सिद्ध करायला मला एक स्क्रू आवळणं पुरेसं होतं आणि तो मला आवळायचा नव्हता. अण्णा एवढंच म्हणाले, "उजाडल्यावर निघू." तीन दिवस जीप उजाडल्यावर निघाली. तीन दिवस गावात माझ्या वायरिंगची चेष्टा झाली. विहिरीवर बायकासुद्धा विचारायला लागल्या. मी रोज म्हणायचे, शोधते आहे, फॉल्ट सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन बाहेर गेले तर बॉनेट उघडं होतं आणि अण्णा आत दोन्ही हात घालून उभे होते. डोळे मिटलेले. बोटं वायरीवरून हळूहळू सरकत होती, जशी पूर्वी मोटारीच्या खाचांमधून सरकायची. मी तिथंच थांबले. त्यांची बोटं माझ्या चिकटपट्टीवर आली, त्यांनी ती सोलली, तारेचं टोक अंगठ्यानं चाचपलं.

"ये," ते डोळे न उघडताच म्हणाले. चहाचा वास त्यांना आला असणार. "जळालेल्या तारेचं टोक खरखरीत लागतं. हे गुळगुळीत हाय. ही जळाली न्हाई, कुशा. काढलीय."

मी कप त्यांच्या हातात दिला. मी म्हणाले, "व्हय."

"त्या कापसाच्या गाडीमुळं?"

मी नुसती मान हलवली आणि मग लक्षात आलं की त्यांना ती दिसली नसेल, म्हणून परत "व्हय" म्हणाले.

अण्णा बंपरवर बसले. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "तू वायरी बदलल्या, काचा धुतल्या. मला वाटलं, आता दिसंल. पण तू जसा उजेड वाढवला तसं मला सगळं पांढरंच दिसाया लागलं. डोळ्याला जसं दुधाचं फडकं बांधलंय. त्या धुक्यात तर काहीच न्हाई. मी निसत्या अंदाजानं चालवून राह्यल्तो." मग म्हणाले, "मागं सात मानसं व्हते. पुढं तू व्हतीस."

त्यांनी तोंड वळवलं. अण्णांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते रडले ते आवाज न करता, खांदेही न हलवता. मग हलकेच म्हणाले, "मायला सांगू नको."

"मला काय सांगायचं ऱ्हायलंय?" शेडच्या दारातून मायचा आवाज आला. ती तार गुंडाळत उभी होती, किती वेळ कोण जाणे. "दोन वर्षं झाले, तुमच्या ताटात ठेचा रोज हाताखाली येईल असा डाव्याच बाजूला वाढून राह्यले मी. का वाढते असं वाटलं तुम्हाला? न् हिला अंधारात उठवून तुमच्या शेजारी बसवते, ते काय शिवणासाठी? आवो, शिवण तर मी घरी शिकवलं असतं."

अण्णांनी तिच्याकडं तोंड वळवलं. मी इतके महिने डुलक्या खात प्रवास केला होता, आणि मायनं मला तिथं अण्णांचे डोळे म्हणून बसवलं होतं. मला कुणी सांगितलं असतं तर मी एकही डुलकी काढली नसती. हे मी मायला म्हणाले तर ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू त्यांच्याकडं त्या नजरेनं बघितलं असतं. त्यांना ते कळलं असतं." तिचं बरोबर होतं का? मला तेव्हा पटलं. आता मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी झाले आहे आणि वाटतं की नाही, आम्ही तिघांनी मिळून एकमेकांना इतकं जपलं की सात माणसं आणि एक झोपलेला गाडीवान यांचं काय झालं असतं, हा विचार कुणीच केला नाही. प्रेमात अशी एक चूक असते. पण तो राग मला तिच्यावर धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर माणसं जमली. सांडूभाऊंनी कॅन चढवता चढवता मला विचारलं, "काय मिस्त्रीणबाई, सापडला का फॉल्ट?" मी काही म्हणायच्या आत अण्णा पुढं झाले. एरवी ते हळू आवाजात बोलायचे. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला.

"सापडला. वायरिंग पोरीची एक नंबर हाय. फॉल्ट माझ्या डोळ्यात हाय. मोतीबिंदू का काय म्हणतात ते झालंय, दोन वर्षांपासून. ते तिला कळलं, म्हनून तिनं वायर काढली न् तुमची बोलणी खाल्ली. तुमचे जीव तिनं वाचवले. आजपासून ही खेप बंद. डोळे झाले की मंग बघू."

सांडूभाऊ कॅनवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी पागोटं काढलं, परत घातलं आणि मला म्हणाले, "बाई, म्या लई बोललो तुला." तेवढंच. पण दुपारी त्यांच्या घरून खरवस आला, चांगला पातेलंभर.

अण्णांचं ऑपरेशन जालन्याला झालं. परवा माझं स्वतःचं झालं तेव्हा मी चालत आत गेले आणि चालत बाहेर आले, संध्याकाळी नातवाबरोबर टीव्ही बघत होते. तेव्हा तसं नव्हतं. टाके पडायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा लावून उताणं पडून राहावं लागायचं, शिंकायची बंदी. माय त्यांच्याजवळ दवाखान्यात राहिली आणि शेड मी एकटीनं चालवलं. हात दुखायचे. मोजता मोजता मला त्यांची आठवण यायची. दारातून कुणी सत्तावीस वांगे म्हणावं आणि माझी मोजणी चुकावी असं वाटायचं. घरी आल्यावरही बरेच दिवस हिरवी पट्टी होती. मायनं त्यांच्यासाठी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, पातळ आमटी केली की ते म्हणायचे, आज रंग कसा आलाय सांग, आणि ती सांगायची.

जाड भिंगांचा चष्मा आला त्या दिवशी सकाळी ते अंगणात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आधी मायकडं बघतील, मग माझ्याकडं. मायकडं त्यांनी खरंच बघितलं, अगदी जवळ जाऊन, आणि म्हणाले, "केस कधी पिकले गं तुझे?" माय म्हणाली, "तुम्ही बघून न्हाई राह्यले तवा." मग ते सरळ जीपकडं गेले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. मी मागं जाऊन उभी राहिले. त्यांनी चष्मा सावरला, बॅटरीपासून सुरुवात केली आणि वायरीवरून नजर फिरवत फिरवत, एकेक जोड, एकेक क्लिप, रिले, ट्यूबचे तुकडे, अर्थिंगचा घासलेला पत्रा, सगळं बघत पार फोकसपर्यंत आले. फार वेळ लागला. आत भाकरीचा तवा तापला म्हणून माय दोनदा हाका मारून गेली. बारावीच्या निकालालाही मी एवढी घाबरले नव्हते.

शेवटी त्यांनी बोटानं एक जागा दाखवली.

"ही क्लिप वाकडी बसलीय," अण्णा म्हणाले.